३,३५,५०,३३६

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्या पाठोपाठ येणारी पाचवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिची तिच्याइतकीच भरते अशी.

४०९६ × ८१९१ अशी तिची फोड होते. ४०९६ हा २ चा १२ वा घात, तर ८१९१ ही २ च्या १३ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी संख्या. असा दुसरा अवयव मूळ संख्या असेल तर गुणाकार परिपूर्ण असतो, हे युक्लिडने ‘मूलतत्त्वे’च्या नवव्या ग्रंथात (विधान ३६) सिद्ध केले आहे. त्यामुळे सारे काही ८१९१ च्या मूळपणावर अवलंबून राहते. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फेर्मा याच्या नियमाने तिचा कोणताही मूळ विभाजक २६ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असायला हवा. वर्गमूळ ९०.५ च्या आसपास असल्याने ५३ आणि ७९ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. बाकी अनुक्रमे २९ आणि ५४ उरते, म्हणून ८१९१ मूळ ठरते. फेर्मापूर्वीच्या गणितज्ञांना ही सोय नव्हती. त्यांना ८९ पर्यंतच्या सर्व २३ विषम मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असणार.

ही संख्या प्रथम कोणी शोधली याबद्दल एकमत नाही. इ. स. १०० च्या सुमारास ग्रीक गणितज्ञ निकोमाखसने पहिल्या चारच दिल्या. एकक, दशक, शतक, सहस्र अशा प्रत्येक टप्प्यावर एकेक परिपूर्ण संख्या येते आणि शेवटचा अंक आळीपाळीने ६ व ८ असतो, या त्याच्या निरीक्षणाला पुढे नियमाची प्रतिष्ठा मिळाली. जुन्या इतिहासग्रंथांत पाचव्या संख्येचा पहिला उल्लेख १४५६–६१ या काळातील एका लॅटिन हस्तलिखितात दाखवला जातो. १५३६ मध्ये हुदालरिकुस रेगियुसने ती छापील ग्रंथात दिली आणि २०४७ = २३ × ८९ असल्याने ११ वा घात उपयोगाचा नाही, हेही दाखवले. तथापि इब्न फल्लूस (११९४–१२३९) याच्या अरबी ग्रंथातील दहा संख्यांच्या तक्त्यात पहिल्या सातही परिपूर्ण संख्या अचूक आहेत. उरलेल्या तीन चुकीच्या असल्या तरी अग्रमान त्यालाच देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र युरोपीय लेखकांना त्याचे काम ठाऊक असल्याचे दिसत नाही.

निकोमाखसचा अंकसंख्येचा नियम याच संख्येने मोडला: पाच, सहा वा सात अंकी परिपूर्ण संख्या नाहीच, चारवरून एकदम आठ अंकांवर उडी. आळीपाळीचा नियम सहाव्या संख्येने (८५८९८६९०५६) संपवला. तिच्याही शेवटी ६ आहे.

इतर वर्गीकरणे बरीचशी परिपूर्णतेतूनच निघतात. १ ते ८१९१ ची बेरीज म्हणून ती त्रिकोणी, तसेच षट्कोणी संख्या. १ ते १२७ या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीजही तीच. विभाजक २६, त्यांचा हरात्मक मध्य (२६ ला विभाजकांच्या व्यस्तांच्या बेरजेने भागून येणारी सरासरी) १३. द्विमान पद्धतीत सलग तेरा १ आणि पुढे बारा ०. अंकांची बेरीज २८, म्हणजे पुन्हा परिपूर्ण संख्या. हा योगायोग वेधक असला तरी तो केवळ दशमान लेखनाचा आहे.

८१९१ चे स्वतःचे महत्त्व त्याहून सखोल आहे. २ आणि ९० या दोन्ही पायांत (म्हणजे १० ऐवजी २ किंवा ९० च्या घातांवर आधारलेल्या लेखनात) ती फक्त १ या अंकाने लिहिता येते (१ + ९० + ८१०० = ८१९१). तीन किंवा अधिक अंकांत, दोन पायांत अशी लिहिता येणारी दुसरी एकच संख्या ज्ञात आहे: ३१. तसेच ३, ७, ३१ व १२७ या घातांकांनी मिळणाऱ्या मेर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्या) मूळ आहेत, म्हणून ८१९१ घातांकाची मेर्सेन संख्याही मूळ असेल अशी अपेक्षा होती. १९५३ मध्ये व्हीलरने इलियाक संगणकावर ती संयुक्त असल्याचे दाखवले.