बेटमन्स
इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यातील एक ऐतिहासिक घर. ते बर्वॉश गावाच्या दक्षिणेस, डडवेल या लहानशा नदीच्या खोऱ्यात आहे. भिंती स्थानिक वालुकाश्माच्या असून विटांची उंच धुराडी दुरूनही नजरेत भरतात. रड्यर्ड किपलिंग (१८६५–१९३६) या मुंबईत जन्मलेल्या लेखकाचे येथे १९०२ पासून अखेरपर्यंत वास्तव्य होते.

दर्शनी देवडीवर १६३४ हे साल कोरलेले आहे. सर्वसाधारणपणे तेच बांधकामाचे वर्ष मानले जाते. मात्र ते संपूर्ण वास्तूला लागू करताना थोडी सावधगिरी बाळगलेली बरी. हे घर एका लोखंड-कारखानदाराने बांधले, ही परंपरा किपलिंगलाही मान्य होती. परिसराचा इतिहास तिला पोषक आहे. वील्ड या प्रदेशात चिकणमातीतले लोहखनिज, कोळशासाठी जंगल आणि भाते चालवण्यास ओढ्यांचे पाणी हे तिन्ही जवळजवळ मिळे. परंतु अशी समृद्धी बांधणाऱ्याचा व्यवसाय सिद्ध करीत नाही. म्हणून ही परंपरा संभाव्य, पण अनिर्णित समजणे योग्य.

बर्वॉशच्या चर्चमधील ‘जोन कोलिन’ हे नाव असलेल्या, थडग्यावरच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पत्र्याबाबतही असाच प्रश्न आहे. जुन्या लेखनात तो चौदाव्या शतकातला म्हटला जातो. पण इंग्लंडमधील झोतभट्टीचा (भात्याने जोराची हवा सोडून लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचा) पहिला निश्चित उल्लेख अ‍ॅशडाउन जंगलातील न्यूब्रिज येथील, १४९६ चा आहे आणि एवढे बीड ओतायला झोतभट्टी लागते. त्यामुळे पत्रा सोळाव्या शतकातला मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वील्डचा लोहधंदा अठराव्या शतकात ओसरला. या काळात घरात राहिलेली कुटुंबे फारशी प्रकाशात आलेली नाहीत.

किपलिंग दांपत्याने हे घर १९०० मध्ये पाहिले, पण तेव्हा ते भाड्याने गेले होते. १९०२ मध्ये त्यांनी ते ३३ एकर जमिनीसह ९,३०० पौंडांना घेतले. त्या वेळी घरात वीज नव्हती, न्हाणीघरही नव्हते. नाईलवरच्या आस्वान धरणाशी संबंधित अभियंता विल्यम विलकॉक्स यांच्या सल्ल्याने आवारातील जुन्या पाणचक्कीवर टरबाइन बसवले गेले आणि घरात दिवे लागले. नोबेल पारितोषिकाच्या (१९०७) रकमेतून बागेचे व तळ्याचे काम झाले.

दारावरच्या घंटेची लोखंडी ओढणी मात्र मुद्दाम सांगावी अशी आहे. आईवडील हिंदुस्थानात असताना लहानगा रड्यर्ड इंग्लंडमध्ये परक्या घरी वाढत होता. तिथे त्याचे हाल झाले. डिसेंबरात तो लंडनला मावशीकडे जाई आणि तिच्या दाराची ही ओढणी खेचताना त्याला सुखाची चाहूल लागे. पुढे त्याने ती मागून घेऊन बेटमन्सच्या दाराला लावली, इतर मुलांनाही तोच आनंद मिळावा म्हणून.

किपलिंगचा मुलगा जॉन १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातील लूसच्या लढाईत, अठराव्या वर्षी पडला. मुलगी एल्सी १९२४ मध्ये लग्न होऊन सासरी गेली. पत्नी कॅरोलाइन १९३९ मध्ये वारली. तिने मृत्युपत्राने घर नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिले. अभ्यासिका किपलिंगच्या पुस्तकांसह व लेखनाच्या मेजासह जतन केलेली आहे.