मैद्यात उकळतं पाणी का ओततात? चायनीज पातळ पोळ्या आणि मऊ पोर्कमागचं सायन्स

बीजिंग आणि उत्तर चीनमध्ये ४ फेब्रुवारीच्या आसपास लीछुन येतो, म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे वसंताची सुरुवात, आणि त्या दिवशी छुनबिंग खायची पद्धत आहे. एकदम पातळ, मऊ, पांढरट मैद्याच्या पोळ्या आणि आत मोड आलेले मूग, अंडं, पोर्कच्या परतलेल्या पट्ट्या, असं काहीबाही गुंडाळून खायचं. पेकिंग डकबरोबर येतात त्या पण साधारण याच पोळ्या. दिसायला सोपं प्रकरण आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याची पोळी वातड होते आणि पोर्क रबरासारखं होतं, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे गुन्हेगार एकच, प्रोटीन.

आधी पोळी घेऊ. मैदा गार पाण्यात मळला की त्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रोटीन्स पाणी पिऊन एकमेकांना धरतात आणि ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी बनते. नूडल्सना ती हवीच असते, पण इथे लाटलेली चकती लगेच आकसून परत जाड होते, लाटणं उचललं की आपली मागे! म्हणून चिनी स्वयंपाकात पिठावर खळखळ उकळतं पाणी ओततात, अडीचशे ग्रॅम मैद्याला साधारण १६० ते १८० मिली, आणि उलथन्याने किंवा चॉपस्टिकने ढवळतात. त्या उष्णतेने बरीचशी प्रोटीन्स शिजल्यासारखी होतात आणि धड जाळी विणू शकत नाहीत. दुसरीकडे गव्हाचा स्टार्च साठेक अंशाच्या पुढे फुगायला लागतो आणि गार असताना पितो त्याच्या कितीतरी पट पाणी पिऊन बसतो. म्हणून हे पीठ भरपूर पाणी घेऊनही हाताला फार चिकटत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी रेसिपीवाले सांगत नाहीत. पाणी १०० अंशांचं असलं तरी पीठ आणि परात गार असतात, त्यामुळे सगळं मिळून तापमान दाणकन खाली येतं. नुसतं कडकडीत गरम, म्हणजे ऐंशीएक अंशांचं पाणी घेतलं तर पीठ साठाच्याही खाली राहू शकतं आणि मग सगळी मेहनत फुकट. पाणी उकळतच हवं, आणि ओतायचं पण पटकन.

आपल्याकडे मोदकाची उकड काढतात तेव्हाही उकळतं पाणी आणि पीठ एवढंच असतं, पण काम बरोबर उलटं. तांदळात ग्लुटेन नाहीच, त्यामुळे फुगलेला स्टार्च पिठाला बांधून ठेवतो, आणि मैद्यात तेच पाणी आधीच बांधायला टपलेल्या प्रोटीनला सैल करतं. अर्थात सगळंच सैल झालं तर पोळी फाटते, म्हणून काही जण शेवटी थोडं गार पाणी घालून मळतात आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवतात.

मग जोडपोळी. दोन छोट्या लाट्या चपट्या करून एकीला भाजलेल्या तिळाचं तेल चोपडायचं, दुसरी वर ठेवून एकत्रच लाटायच्या आणि कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर टाकायच्या. दोघींच्या आतल्या, एकमेकींना लागलेल्या बाजूंजवळच्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या जवळजवळ १७०० पट जागा लागते, पण बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे जोडी फुगते आणि तेलामुळे सुटी होते. सोलल्या की प्रत्येक पोळीची एकच बाजू तव्याला लागलेली असते, दुसरी नुसती वाफेवर शिजलेली, मऊ लुसलुशीत.

आता पोर्क. मांस तापलं की मायोसिन पन्नास अंशांच्या आसपास आवळायला लागतं, पुढे बाकीची प्रोटीन्स पण आवळतात आणि पिळून पाणी बाहेर काढतात. चिनी लोक याला आधीच लगाम घालतात. पातळ पट्ट्यांना सोया सॉस, तांदळाची वाईन, चमचाभर पाणी, कॉर्नफ्लॉर आणि शेवटी थोडं तेल चोळून वीसेक मिनिटं ठेवायचं. सोया सॉसमधल्या मिठामुळे प्रोटीन्स थोडी सुटी होऊन पाणी धरतात आणि कॉर्नफ्लॉरची तापल्यावर जेलसारखी साय बनते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर पीएच वाढतो, प्रोटीन्स एकमेकांना ढकलतात आणि आवळायला बघतच नाहीत. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, मला तर सोडा नसलेलंच आवडतं.

परतताना सगळं मांस एकदम कढईत लोटू नका. एक ग्रॅम पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सहापटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते, घरच्या गॅसची तेवढी ताकद नाही, मग मांस परतलं न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतं. थोडं थोडं टाका, रंग बदलला की बाहेर काढा.

बीजिंगच्या जिंगजियांग रोउसमध्ये, म्हणजे सॉसमध्ये परतलेल्या पोर्कच्या पट्ट्यांमध्ये, मग थ्येनम्येनज्यांग हा गोडसर काळपट सॉस येतो, तो गव्हाचं पीठ बुरशीने आंबवून करतात. बुरशीची एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात आणि प्रोटीनचे तुकडे करून अमिनो आम्लं मोकळी करतात, म्हणजे इथेही प्रोटीनच, फक्त या वेळी आपल्या बाजूने. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की मायार्ड रिअॅक्शन होऊन खमंग वास सुटतो, पण तेच पटकन करपतं पण, म्हणून सॉस मंद आचेवर तेलात परतून मग मांस परत टाकायचं, आणि खाताना सोबत कच्च्या पातीच्या कांद्याचे लांब तुकडे.

पोळ्या उरल्या तर फ्रिजमध्ये कडक होतात, कारण फुगलेला स्टार्च गार झाल्यावर परत घट्ट रचला जातो, आणि फ्रिजच्या थंडीत हे सगळ्यात जोरात होतं. मोदकपात्रात तीन-चार मिनिटं वाफवल्या की ती रचना मोडते आणि पोळी परत गुंडाळता येते.