जुलाब नाहीत म्हणजे सिलियाक नाही, असं नसतं

"आम्ही गोंयकार शीत-कडी खाणारी माणसं, गव्हाचा आजार आम्हाला कसला?" हे वाक्य गेल्या महिन्यात मी फोंड्यात आमच्याच घरात तीनदा ऐकलं. भाची 13 वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी, दोन वर्षं आयर्नचं सिरप चालू तरी हिमोग्लोबिन 8 च्या वर सरकेना. जुलाब नाहीत, उलट बद्धकोष्ठता. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून किती वेळा दिश्ट काढली असेल! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला आ करायला लावलं, दातांवरचे खळगे आणि आडव्या रेघा बघितल्या आणि विचारलं, "गो बाय, दिवसभरात काय काय खातेस?" सकाळी पाव-भाजी, डब्यात चपाती, संध्याकाळी बिस्किटं, आणि दुपारच्या शितासोबत रव्यात तळलेला बांगडा. रवा म्हणजे गहूच की. निघाला सिलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवतं तो आजार.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ आणि पोटातली एन्झाइम्स ती कातरतात हे शाळेत झालंय. ग्लुटेन हे गव्हातलं प्रोटीन, त्यात ग्लायडिन असतं, त्यात प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल जागोजागी, त्याची ठेवण अशी की एन्झाइमची कात्री तिथे नीट चालतच नाही, म्हणून 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा अख्खा उरतो. तो तुमच्या-माझ्या पोटातही उरतो, आपल्याला काही होत नाही. सिलियाकमध्ये मात्र तो आतड्याच्या अस्तराआड पोचतो, तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम असतं, एरवी जखमा सांधायला मदत करणारं, ते त्यातल्या काही ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल करतं, म्हणजे तिथे ऋण भार येतो, आणि काही पेशींच्या अंगावर एचएलए डीक्यू2 किंवा डीक्यू8 हे प्रोटीन असतं त्याच्या खाचेत हा तुकडा आता घट्ट बसतो. ते बघून टी-पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, खवळतात, आणि शरीर त्या सांधणाऱ्या एन्झाइमविरुद्धच अँटिबॉडी बनवतं! रक्ताच्या रिपोर्टवर टीटीजी-आयजीए लिहितात ती हीच. डीक्यू2 किंवा डीक्यू8 चे जीन 100 पैकी 30-40 जणांत असतात, आजार होतो साधारण एकाला.

या मारामारीत लहान आतड्याचं अस्तर झिजतं. नव्या टर्किश टॉवेलचे धागे कसे उभे असतात तसे तिथे बारीक उंचवटे असतात, ते सपाट होतात. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला आणि झीज सगळ्यात जास्त तिथेच. म्हणजे सिरप चांगलंच होतं, ते घेणारी जागा उरली नव्हती.

लहान बाळांत चित्र वेगळं. वरचं खाणं सुरू झाल्यावर काही महिन्यांत जुलाब, फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय, सतत किरकिर, वजन अडलेलं. वयात येणाऱ्या मुलांत पोट गप्प असू शकतं आणि उंची थांबते, पाळी लांबते, तोंड वारंवार येतं, रक्त वाढत नाही. टाइप 1 डायबेटिस असलेल्या मुलांत तर हा आजार मुद्दाम शोधायला हवा.

दिश्टीत दोन वर्षं गेली याचा मला राग आहेच, पण वजन उतरवायला ग्लुटेन-फ्री विकणाऱ्या रील्सचाही तेवढाच आहे. ते बघून टेस्टच्या आधी गहू बंद केला तर अँटिबॉडी कमी होतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. आधी टेस्ट, मग पथ्य, आणि ते जन्मभराचं. गहूच नाही, बार्ली (जव) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) पण बंद. आमच्याकडे हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडलं तेव्हा बहीण रडायलाच आली. आता बांगडे तांदळाच्या पिठात, तवा नि तेल वेगळं.

सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो, म्हणून भाच्याचं रक्त येत्या सोमवारी द्यायचंय. तोपर्यंत पोदेराचा हॉर्न वाजला की बहीण त्याच्यासाठी रोजच्यासारखा पाव घेते.