लाइव्ह ॲट द रीगल

ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गानपरंपरेतले अमेरिकी गायक व गिटारवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांचा प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. शिकागोतील रीगल थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेली ही मैफल एबीसी-पॅरामाउंट कंपनीने १९६५ मध्ये प्रकाशित केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश केला आहे.

दक्षिणेकडील राज्यांतून कामधंद्यासाठी शिकागोत आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वस्तीतले रीगल हे मोठे नाट्यगृह होते आणि किंग स्वतःही मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत राबलेले होते. त्यामुळे आता जुने ब्लूज गाऊ, एखादे आठवले तर आवाज करून कळवा, असे ते सांगतात, तेव्हा उसळणारा कल्लोळ ही केवळ दाद नसते. ते गाणे समोरच्यांच्याही आयुष्यातले असते. म्हणूनच हा अल्बम ऐकताना श्रोत्यांचा आवाज हा वाद्यवृंदाचाच एक घटक मानावा लागतो.

किंग गाताना गिटार सहसा थांबवतात आणि ओळ संपताच ‘ल्युसिल’ या आपल्या गिटारवर तिला उत्तर देतात. हा सवाल-जवाब बारा मात्रागटांच्या ठरलेल्या आवर्तनात चालतो. स्वर मोजकेच असतात. पण तार ताणून स्वर चढवणे आणि डाव्या हाताच्या बोटाने तो थरथरवणे यांतून त्यांना मानवी कंठाचा गुण येतो. ब्लूज गिटारवादक बुक्का व्हाइट या नातेवाइकाप्रमाणे तारेवर नळी सरकवून वाजवणे किंग यांना साधले नाही. त्याच नादाच्या शोधात हा कंप त्यांनी घडवला.

‘स्वीट लिटल एंजल’, ‘इट्स माय ओन फॉल्ट’ आणि ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’ ही सलग गायलेली तीन संथ गाणी अल्बमचा गाभा होत. तिसऱ्यात वाद्यवृंद थबकत थबकत साथ करतो, किंग प्रेयसीवर केलेल्या उपकारांची यादी वाचत जातात आणि ‘तुला सात मुले दिली, आता तीही तुला परत करायची आहेत’ अशा अर्थाची ओळ येताच सभागृह दणाणते. हा क्षण आधीच्या दोन गाण्यांत साचत गेलेल्या ताणाशिवाय पुरता उमजत नाही. निवडक गीतांच्या संग्रहात तो एकटा ऐकला, तर गंमत तेवढी हाती लागते आणि दुःख निसटते.