मुळाशी चाललेली लोहाची पळवापळवी

दौंड-बारामतीकडच्या काळ्या रानात हरभरा फुलोऱ्यात आला की मधलीच चार-दोन झाडं माना टाकतात. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ दिसते. हा मर रोग. त्याची बुरशी, फ्युजेरियम, हरभरा नसतानाही सहा वर्षांपर्यंत जमिनीत तग धरते. त्यामुळे झाड सुकू लागल्यावर वरून कितीही फवारलं तरी ते झाड हाती लागत नाही.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू या बुरशीला उपाशी मारतो, आणि त्याची रीत मला विलक्षण वाटते. आपली काळी माती बेसाल्टची, लोहाने भरलेली. पण चुनखड रानात, सामू (pH) 8 च्या पुढे गेला की ते लोह विरघळत नाही, असून नसल्यासारखं. बीजाणू रुजून मुळात शिरायला तर बुरशीला लोह हवंच. हा जिवाणू मातीत सिडेरोफोर नावाचे रेणू सोडतो. ते लोह घट्ट पकडतात आणि जिवाणू त्यांना लोहासकट परत आत घेतो. बुरशीकडेही असे रेणू असतात, पण त्यांची पकड सैल. अतिनील प्रकाशात हा जिवाणू पिवळसर हिरवा चमकतो, तो याच रेणूंमुळे. नावातलं ‘फ्लुरोसन्स’ तिथूनच आलं.

शिवाय तो बुरशीला मारक प्रतिजैविकं बनवतो आणि मुळाशी राहून झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. त्याचा जोडीदार म्हणजे बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जिवाणू. तो बनवतो ते इट्युरिन नावाचं द्रव्य बुरशीच्या पेशीपटलाला भोकंच पाडतं.

हे सगळं घडायला जिवाणू बुरशीच्या आधी मुळावर बसलेला हवा. म्हणून बीजप्रक्रिया: किलोभर बियाण्याला जिवाणूची 10 ग्रॅम भुकटी चोळायची, सावलीत सुकवायचं, वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना, पेरायचं. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पाकिटातला माल जिवंत आहे, हे मात्र आपण फार विसरतो. बॅसिलस बीजाणू करून उन्हाळा काढतो. स्युडोमोनासला ते जमत नाही. पत्र्याच्या खोलीत महिनोन्‌महिने पडलेल्या पुडीत उरते ती नुसती शंखजिऱ्याची भुकटी. तेव्हा आधी तारीख पाहा, पुडी सावलीत ठेवा, आणि बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या) टाकीत ती कधीच ओतू नका. त्यातलं तांबं जिवाणूलाही मारतं.