नंदुरबार ते बऱ्हाणपूर: आताचा आडरस्ता, तेव्हाचा हमरस्ता

नंदुरबारहून निघायचं, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, यावल, रावेर असं करत बऱ्हाणपूर गाठायचं, मधे दोन-तीन रात्री तंबूत काढायच्या आणि हायवे जमेल तेवढा टाळायचा, असा बेत घरी सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला, त्या आडरस्त्याला आहे काय? म्हणून थोडी पार्श्वभूमी.

विल्यम फिंच नावाचा एक इंग्रज व्यापारी 1610 साली सुरतेहून आग्र्याला निघाला आणि त्याने वाटेतली गावं लिहून ठेवली, त्यात नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर ही सगळी ओळीने येतात, म्हणजे यादी वाचताना एसटीची पाटीच वाचतोय असं वाटतं. 1615 मध्ये सर टॉमस रो, जहांगीरच्या दरबाराकडे निघालेला इंग्लंडचा वकील म्हणजे राजदूत, तोही याच बाजूने बऱ्हाणपूरला पोचला आणि तिथे जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझ याला भेटला. कारण साधं आहे. सुरत हे मुघलांचं मोठं बंदर, बऱ्हाणपूर हे दख्खनचं त्यांचं मुख्य ठाणं, आणि दोन्हीच्या मधे तापीचं सपाट खोरं, घाट चढायची कटकट कमी. त्याआधी खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची राजधानीसुद्धा आधी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर, म्हणजे राज्यच या वाटेवर वसलेलं होतं म्हणा ना. 1601 मध्ये अकबराने बऱ्हाणपूरजवळचा त्यांचा अशीरगड किल्ला घेतला आणि ते राज्य संपलं, वाट मात्र चालूच राहिली.

आणि गर्दी किती! ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरला, तो सांगतो की धान्य, मीठ वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे दहा-बारा हजार बैलांचे असायचे आणि अरुंद जागी समोरून आले तर ते पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागायचं. आपण टोलनाक्यावर दहा मिनिटांत हॉर्न वाजवायला लागतो. नवापूरच्या तांदळाचं त्याने भरभरून कौतुक केलंय, बारीक दाणा, शिजला की पांढराशुभ्र आणि कस्तुरीसारखा वास.

तंबू हा तेव्हा हौसेचा प्रकार नव्हता, सराई मिळाली तर मिळाली, नाहीतर गावाबाहेर झाडाखाली नाहीतर पाण्याजवळ तळ टाकायचा आणि रात्री पहारा ठेवायचा, चोरांची भीती कायम. पण सगळ्यात अंगावर येणारी नोंद पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाची. 1630 मध्ये पाऊस गेला, गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, मंडी त्या वर्षाच्या शेवटी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघालेला, तो लिहितो की रस्त्याच्या कडेने प्रेतंच प्रेतं, आणि नंदुरबारला तर छोटा तंबू ठोकायलाही मोकळी जागा मिळेना. शहाजहान तेव्हा बऱ्हाणपूरला होता, त्याने लंगर उघडले, पण एवढ्या मोठ्या मुलखाला ते कुठे पुरणार. 1631 मध्ये मुमताज महल गेली तीही बऱ्हाणपूरलाच, लोकांना तेवढंच माहीत असतं.

थाळनेरला जरा वेळ काढून थांबा. किल्ला बराच ढासळलाय, तापीच्या अंगाला उंच कडा, फारुकींच्या कबरी आहेत. होळकरांशी मंदसौरचा तह झाल्यावर फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रजांचा जनरल हिस्लॉप हा किल्ला ताब्यात घ्यायला आला, चकमक झाली, शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. या फाशीवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटातही प्रश्न उठले, पण त्याला काय उपयोग. इतक्या महत्त्वाच्या जागी नीट माहितीफलक नको का?

आता हा हमरस्ता आडरस्ता झाला कसा? सुरतेचं महत्त्व हळूहळू मुंबईकडे गेलं, मुंबई-आग्रा रोड धुळे, सोनगीर, शिरपूर असा दक्षिण-उत्तर जाऊन या जुन्या वाटेला आडवा कापून गेला, आणि खरा घाव घातला रेल्वेने. 1860 नंतर मुंबईहून आलेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाईन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळपर्यंत तापीच्या दक्षिणेनेच राहिली, तिथून नदी ओलांडून रावेर, बऱ्हाणपूरला गेली. 1900 च्या आसपास सुरतेकडची लाईन झाली ती नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडापर्यंत जुन्या वाटेच्या सोबतीने येते आणि मग अमळनेरकडे निघून जाते. म्हणजे वाटेची दोन्ही टोकं रेल्वेला मिळाली आणि थाळनेर, चोपडा, यावल हा मधला पट्टा राहून गेला, आजही या तिन्ही गावांत रेल्वे नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता या बाजूने जातो, त्यावर ट्रक आणि केळीच्या गाड्या असतात, पण त्याच्या खालून नदीकडे जाणारे जे लहान रस्ते आहेत ते बऱ्यापैकी शांत.

मुक्कामासाठी अडावदजवळचं उनपदेव बघा, गरम पाण्याचा झरा आहे, सातपुडा अगदी समोर. फक्त त्या अंगाला जंगल सुरू होतं आणि पुढे यावल अभयारण्य लागतं, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका न् चूल पेटवू नका, आणि नदीकाठच्या शेतात थांबायचं असेल तर आधी मालकाला विचारा, बहुतेक वेळा तोच म्हणेल की थांबा भाऊ, भरीत-भाकरी खाऊन जा.