शब्दजातिनिर्देश, इंग्रजी कोशांतील

शब्दकोशात शीर्षशब्दापुढे तो नाम आहे, क्रियापद आहे की अन्य कोणत्या जातीचा, हे सांगणारा जो संक्षेप छापलेला असतो त्यास शब्दजातिनिर्देश म्हणतात. मराठीत वा संस्कृतात शब्दाला लागणारे प्रत्यय पाहून त्याची जात बऱ्याच अंशी ओळखता येते. इंग्रजीचे जुने प्रत्यय मात्र मध्ययुगातच मोठ्या प्रमाणावर झडले. त्यामुळे ‘राउंड’ हा एकच शब्द रूप न बदलता नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय अशा पाचही जातींत वावरतो. रूप न बदलता जात बदलण्याच्या या प्रक्रियेला इंग्रज भाषाशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कन्व्हर्शन’ हे नाव दिले. अशा भाषेत निर्णय वाक्यातील स्थानावरून करावा लागतो आणि तो शेवटी कोशकाराचा असतो. दोन मान्यवर कोश एकाच शब्दाची जात वेगवेगळी देतात, त्याचे मूळ येथे आहे.

उगम : जातींची चौकट ग्रीक व्याकरणातून आली. ती सामान्यतः डायोनिशिअस थ्रॅक्स (इ. स. पू. दुसरे शतक) याच्या नावावरील लघुग्रंथाशी जोडली जाते. त्या ग्रंथाचा बराचसा भाग उत्तरकालीन असावा, असे मत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आले आणि ते पूर्णपणे खोडून निघालेले नाही. आठ जातींची परंपरा मात्र प्राचीन आहे, यात शंका नाही. लॅटिनमध्ये उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) नाही. म्हणून रोमन वैयाकरणांनी ते वगळले आणि केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र जात मानून आठचा आकडा राखला. विशेषण त्या काळी नामाचाच एक पोटप्रकार गणले जाई. ते इंग्रजी व्याकरणांत स्वतंत्र जात म्हणून स्थिरावले ते अठराव्या शतकात.

कोशात जात नोंदवण्याची प्रथा द्वैभाषिक कोशांत आधी दिसते. इ. स. १४४० च्या सुमाराच्या ‘प्रॉम्प्टोरियम पार्व्युलोरम’ या इंग्रजी-लॅटिन कोशात प्रत्येक अक्षराखाली क्रियापदे वेगळी काढलेली आहेत. पाल्सग्रेव्हच्या १५३० मधील फ्रेंच व्याकरणातील शब्दसूचीही जातवार रचलेल्या आहेत. याउलट पहिला एकभाषिक इंग्रजी कोश मानला जाणारा रॉबर्ट कॉड्री याचा १६०४ चा ग्रंथ केवळ अवघड शब्दांचा अर्थ देतो, जात सांगत नाही. वाचक इंग्रजी जाणणारा असल्याने तिची गरज भासली नसावी. या प्रथेचे श्रेय पुष्कळदा सॅम्युएल जॉन्सन (१७५५) यांना दिले जाते. परंतु डाइच आणि पार्डन यांच्या १७३५ च्या कोशात प्रत्येक शब्दापुढे एकेका अक्षराने जात दाखवलेली असल्याने ते श्रेय जॉन्सन यांच्याकडे जात नाही. जॉन्सन यांचे महत्त्व निराळे आहे. सकर्मक व अकर्मक क्रियापदांना त्यांनी वेगवेगळे संक्षेप दिले आणि अर्थांची मांडणी त्यांच्या आधाराने केली. नामासाठी ते ‘नाउन सब्स्टँटिव्ह’चा (विशेषणाहून वेगळे, खरे नाम) संक्षेप वापरतात, त्यात विशेषणाला नाम मानणाऱ्या जुन्या परंपरेचा अवशेष दिसतो. ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या पहिल्या आवृत्तीतही (१८८४–१९२८) नामापुढे ‘सब्स्टँटिव्ह’चाच संक्षेप आहे.

कसोट्या : ‘स्टोन वॉल’ (दगडी भिंत) मधील ‘स्टोन’ विशेषण की नाम? अर्थाकडे पाहिले तर विशेषण वाटते. कोशकार मात्र तीन गोष्टी तपासतो : शब्दाआधी ‘व्हेरी’ चालतो का, तर-तम रूपे होतात का, आणि तो क्रियापदानंतर विधेय म्हणून एकटा उभा राहतो का. ‘स्टोन’ पहिल्या दोन कसोट्यांवर टिकत नाही, म्हणून तो नामच राहतो. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश अशा नामांपुढे ‘बहुधा विशेषणवत’ अशा अर्थाचा शेरा देतो. ‘फन’ या शब्दाची वाटचाल वेगळी झाली. मूळ नाम असलेला हा शब्द ‘अ फन पार्टी’ अशा प्रयोगांतून विशेषण बनला. मेरियम-वेबस्टरने त्याला विशेषण म्हणून जागा दिली आणि ‘फनर’, ‘फनेस्ट’ ही रूपे ‘कधी कधी’ या पुस्तीसह नोंदवली.

‘बिफोर’चा वाद अधिक खोल आहे. नामाआधी आला की शब्दयोगी, उपवाक्याआधी आला की उभयान्वयी, एकटा आला की क्रियाविशेषण, अशी त्याची तीन जातींत विभागणी बहुतेक कोश करतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये यावर नेमके बोट ठेवले : क्रियापदाला कर्म असो वा नसो, ते क्रियापदच राहते, मग अव्ययाला हा न्याय का नाही? हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने हीच भूमिका विस्ताराने मांडली. तर्काच्या दृष्टीने ती अधिक सुसंगत आहे. कोशांनी मात्र ती स्वीकारलेली नाही, कारण सामान्य वाचक शाळेत शिकलेल्या जातींनुसार शब्द शोधतो, आणि कोशाला त्याची सोय पाहणे भाग असते.

एका बाबतीत कोश बदलले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित दूरध्वनी-संभाषणांच्या आधारे पारंपरिक नावे बाजूला सारून चार मुख्य वर्ग आणि पंधरा कार्यशब्दगट सुचवले. ती वर्गवारी जशीच्या तशी कोशांत आली नाही, तरी ‘माय’, ‘द’, ‘सम’ यांसारख्या शब्दांना ‘डिटर्मिनर’ (नामाआधी येऊन त्याचा निर्देश ठरवणारा शब्द) म्हणण्याची पद्धत परभाषकांसाठीच्या ब्रिटिश कोशांनी उचलली. मेरियम-वेबस्टरसारख्या अमेरिकन कोशांत ‘माय’ आजही विशेषण आहे.

मराठी संदर्भ : मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात मराठी शब्दांपुढे इंग्रजी पद्धतीचे जातिसंक्षेप आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या व्याकरणाने (१८३६) इंग्रजी वळणाची वर्गवारी मराठी शाळांत रुजवली.

संगणकीय वापर : संगणकासाठी जाती अधिक बारीक कराव्या लागतात. दहा लाख शब्दांच्या ब्राउन कॉर्पस या इंग्रजी मजकुरांच्या संग्रहानंतर आलेल्या पेन ट्रीबँक या जाती नोंदवलेल्या संग्रहाच्या संचात ३६ शब्दखुणा (शब्दांना लावायची जातिचिन्हे) आहेत. त्यात शब्दयोगी आणि आश्रित उपवाक्य जोडणारे उभयान्वयी यांना एकच खूण आहे, तर ‘टू’ला त्याची स्वतंत्र खूण आहे.